गूगल बिझनेस प्रोफाइल: घरोघरी जाऊन फोटो काढणारीचा अनुभव

मी नवजात बाळांचे आणि कुटुंबांचे फोटो काढते, तेही लोकांच्या घरी जाऊन. स्टुडिओ नाही, हाताखाली माणूस नाही, मार्केटिंगला वेगळं बजेट तर नाहीच. आमच्या धंद्यात मार्केटिंग म्हटलं की सगळे इन्स्टाग्रामच्या मागे धावतात. रील मीही टाकते, पण लाइक करणाऱ्यांत निम्मे तर दुसरे फोटोग्राफरच असतात, आणि ते मला कशाला बुकिंग देतील! बाळ यायला दोन महिने राहिलेत आणि फोटोग्राफर हवाय, असा माणूस गूगलवर शोधतो. म्हणून मार्केटिंगचं वर्षाचं नियोजन करताना मी सुरुवात गूगल बिझनेस प्रोफाइलपासून करते, म्हणजे गूगल सर्च आणि मॅपवर आपल्या धंद्याची माहिती, फोटो, रिव्ह्यू दिसतात ते पान. फुकट आहे, हे आणखी बरं.

स्टुडिओ नसला तरी अडत नाही. घरचा पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी आपण कुठल्या भागांत जाऊन काम करतो ते टाकता येतं, जास्तीत जास्त 20 भाग. धंदा खरा आहे ना, याच्या पडताळणीसाठी गूगल बऱ्याचदा व्हिडिओ मागतं. त्यात कॅमेरा, लाइट, धंद्याची कागदपत्रं असं सगळं सलग, न कापता दाखवायचं. मुख्य कॅटेगरी, म्हणजे धंद्याचा प्रकार, मात्र विचार करून निवडा, कारण समोरच्याने जे शोधलं त्याच्याशी आपण किती जुळतो, त्याच्यापासून किती लांब आहोत आणि किती नावाजलेले आहोत, या तीन गोष्टींवर क्रम ठरतो. पैसे भरून नेहमीच्या यादीत वर जाता येत नाही. जाहिरात द्यायची तर ती वेगळी. आणि धंद्याच्या नावातच ‘बेस्ट बेबी फोटोग्राफर’ घुसडू नका, ते नियमाविरुद्ध आहे.

फोटोंच्या बाबतीत आम्ही फोटोग्राफर हट्टी. इथे एका फोटोला 5 एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे एक्सपोर्ट करतानाच लहान फाईल काढावी. मी सर्वांत कलात्मक फोटोंपेक्षा कामाची कल्पना देणारे फोटो जास्त ठेवते: खिडकीच्या उजेडात झोपलेलं बाळ, पलंगावर पसरलेली दुपटी, मागे दिसणारी साधी खोली. ‘आमचं घर लहान आहे, चालेल का?’ हा प्रश्न त्यामुळे बराच कमी झाला.

खरी कमाई रिव्ह्यूची. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड दोन्ही मिळतात. लिंक कधी पाठवायची, यावर सगळं अवलंबून आहे. शूट संपल्यावर आई दमलेली असते, बाळ रडत असतं. तेव्हा मागितलं तर ‘नंतर देते’ म्हणतात आणि विषय संपतो. मी गॅलरी दिल्यावर, ‘हा फोटो आईला पाठवला, ती रडलीच’ असा मेसेज आला की त्याच्याच उत्तरात लिंक देते. सोबत एकच विनंती: बाळ किती दिवसांचं होतं आणि शूट कसं झालं, तेवढं लिहा. ‘छान काम’ वाचून कोणी फोन लावत नाही. ‘बाळ दोन तास झोपलंच नाही, तरी ताई शांतपणे थांबल्या’ हे वाचून लावतात. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा फुकट प्रिंट देऊ नये, गूगलला ते चालत नाही. आणि उत्तर प्रत्येकाला द्यावं, तक्रारीला तर नक्कीच. पुढचं गिऱ्हाईक तेच आधी वाचतं.

प्रोफाइलच्या परफॉर्मन्स या भागात किती जणांनी फोन लावला, किती जण वेबसाइटवर गेले आणि कोणते शब्द शोधून लोक आले, ते दिसतं. मला त्यातले शब्द फार उपयोगी पडले. मी स्वतःला ‘लाइफस्टाइल न्यूबॉर्न फोटोग्राफर’ म्हणवत होते आणि लोक शोधत होते ‘घरी येऊन बाळाचे फोटो’. तेच शब्द आता सेवांच्या यादीत आणि वेबसाइटच्या पहिल्या ओळीत आहेत. प्रोफाइलवर टाकायच्या वर्षभराच्या पोस्टही त्यावरूनच ठरतात. नवजात शूटची चौकशी गरोदरपणातच होते, म्हणून त्या पोस्टमध्ये बाळाच्या आईशी नव्हे, होणाऱ्या आईशी बोलते.

आता उणं. इथली कुठलीच सोय कायमची धरू नये. 2021 मध्ये या सेवेचं नाव बदललं तेवढं ठीक, पण प्रोफाइलवरून बनणाऱ्या फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाल्या आणि त्याच वर्षी जुलैत प्रोफाइलवरून गिऱ्हाइकाशी होणारं चॅटही गेलं. त्यामुळे स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि जुन्या क्लायंटची यादी, फोन आणि ईमेलसकट, आपल्याकडे असलीच पाहिजे. दुसरं म्हणजे अंतराचा मुद्दा: सेवेच्या यादीत लांबचा भाग टाकला म्हणून तिथल्या शोधात आपण वर येऊच असं नाही.

लग्नं, बाळं, कुटुंब, पासपोर्ट फोटो करणाऱ्यांनी हे आधी उभं करावं, जाहिरातीवर पैसा नंतर घालावा. एजन्सी किंवा कंपन्यांसाठी उत्पादनांचे फोटो काढत असाल तर मात्र यावर फार वेळ घालवू नका. तिथलं काम ओळखीतून आणि थेट पाठवलेल्या पोर्टफोलिओतून येतं.