सोडवून आणलेल्या मांजरीच्या कानातील माइट्सवर सेलामेक्टिन
मंडईतून उचलून आणलेल्या आमच्या मांजरीच्या कानांत कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा मळ साचला होता आणि सतत खाजवल्याने कानामागची कातडी सोलवटली होती. पशुवैद्यांनी तो मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ‘ओटोडेक्टीस’ माइट्स, म्हणजे कानात राहणारे सूक्ष्म परजीवी किडे, असल्याचे निश्चित केले व सेलामेक्टिन हे परजीवीनाशक असलेले ‘रिव्होल्यूशन’ हे औषध दिले. मानेच्या बुडाशी केस बाजूला सारून नळीतले औषध थेट कातडीवर सोडायचे, एवढेच काम. कानात थेंब घालतानाची झटापट वाचते, आणि माणसाला बुजणाऱ्या मांजरीच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. खाज लवकर कमी झाली. मात्र या किड्यांचे जीवनचक्र सुमारे ३ आठवड्यांचे असल्याने डॉक्टरांनी महिन्याने दुसरी मात्रा दिली, आणि घरातल्या दुसऱ्या मांजरालाही औषध लावायला सांगितले, कारण हा संसर्ग जवळिकीतून सहज पसरतो. औषध लावलेल्या जागेचे केस काही काळ चिकट राहतात, हा किरकोळ दोष. नळी मांजरीच्या वजनानुसारच घ्यावी, आणि कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले औषध कितीही स्वस्त मिळाले तरी मांजरीला कदापि लावू नये. ते तिच्या जिवावर बेतते.