आर्गोचा डेटा कुठून घ्यावा? एर्डॅप, ओपनडॅप की सरळ फायली

एमएस्सीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की विद्यापीठातली आणि पाषाणकडची मुलं हमखास विचारतात, "अरबी समुद्राचं तापमान हवंय, आर्गोचा डेटा कुठून उतरवू?"

आर्गो हा समुद्र मोजणारा आंतरराष्ट्रीय प्रकल्प. त्याचे सुमारे 4,000 फ्लोट, म्हणजे आपोआप वर-खाली होणारी तरंगती यंत्रं, जगभरच्या समुद्रांत आहेत. दर दहा दिवसांनी प्रत्येक जण 2,000 मीटरपर्यंत बुडी मारतो, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतो आणि उपग्रहामार्फत पाठवतो. भारताच्या फ्लोटांचा डेटा हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, तपासून पुढे देतं. मग तो फ्रान्स आणि अमेरिकेतल्या दोन मुख्य केंद्रांवर सगळ्यांना फुकट मिळतो.

पहिल्यांदाच हात घालत असाल, तर मी डोळे झाकून एर्डॅप सांगेन. अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामान संस्थेत तयार झालेलं, डेटा वेबवरून वाटणारं हे सॉफ्टवेअर आज अनेक संस्था वापरतात. अक्षांश, रेखांश, तारखा आणि हवे ते रकाने निवडा, तेवढाच तुकडा मिळतो, तोही सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत. एक्सेल येणाऱ्यालाही पुरे. शिवाय तुमची सगळी निवड वेबपत्त्यातच लिहिलेली असते. तो पत्ता वहीत उतरवून ठेवला, तर मार्गदर्शकांना तीच मागणी पुन्हा चालवून बघता येते. मला हे फार मोलाचं वाटतं. मात्र एकदम वीस वर्षं मागू नका, सर्व्हर दमतो, वर्षावर्षाने घ्या.

ओपनडॅप ही दूरच्या फाइलीतला हवा तो भाग नेटवरून वाचायची पद्धत. ती चौकटीत बसवलेल्या (समान अंतराच्या चौकोनांत मांडलेल्या) डेटासाठी, म्हणजे उपग्रहाचं किंवा मॉडेलचं तापमान हवं असेल तेव्हा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या एक्सअॅरे या साधनातून दूरची फाइल उघडायची आणि लागेल तेवढाच भाग ओढायचा. पण पायथन यायला हवं, आणि हॉस्टेलचं नेट मध्येच गेलं की काम तुटतं.

कोपर्निकस मरीन या युरोपच्या समुद्र-डेटा सेवेवर फुकट खातं उघडून समुद्राचं 1993 पासूनचं सलग चित्र मिळतं. दिसतं देखणं, पण त्यातलं बरंच मॉडेलने भरलेलं असतं. त्याला निरीक्षण म्हणून प्रबंधात लिहू नका.

त्या दोन मुख्य केंद्रांवरून आर्गोच्या सगळ्या फायली उतरवणं जड काम. तरी पीएचडी करणाऱ्यांनी तेच करावं, कारण आर्गोचा डेटा मागाहून सुधारला जातो. क्षारतेचा सेन्सर हळूहळू चुकू लागतो. तज्ज्ञांनी केलेली दुरुस्ती यायला वर्षभर लागू शकतं. आज काढलेला आकडा पुढच्या वर्षी तोच असेल असं नाही. त्यासाठी डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) असलेली, दर महिन्याला गोठवलेली प्रत मिळते, ती घ्या आणि तिचा महिना प्रबंधात लिहा.

वाट कुठलीही धरा, गुणवत्तेचा रकाना सोडू नका. 1 म्हणजे चांगलं, 4 म्हणजे वाईट. मी एकदा तो न बघताच सरासरी काढली आणि आठवडाभर नसलेली उष्णतेची लाट शोधत बसलो. आता कुणाला तुकडा काढून देताना आधी 1 आणि 2 सोडून बाकी ओळी गाळतो, मगच आलेख.