न विचारता अक्ष बदलणारे सॉफ्टवेअर

स्फटिकरचना पाहण्यासाठी आणि त्यांचे पावडर एक्स-रे आलेख काढण्यासाठी मुंबईतील आमच्या प्रयोगशाळेत गेले वर्षभर एक सशुल्क सॉफ्टवेअर वापरात आहे. त्यातली चित्रे सुबक येतात आणि जुन्या, अर्धवट सिफ फाइलीही (स्फटिकरचना साठवण्याच्या फाइली) ते विनातक्रार उघडते. आक्षेप आहे तो त्याच्या एका सवयीवर: फाइल उघडताच ते रचना प्रमाणित सेटिंगमध्ये, म्हणजे अक्ष निवडण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, परस्पर बदलून टाकते.

लॅन्थनम मँगनाइटच्या चुंबकीय रचनेवरील बरेचसे लेखन पीबीएनएम सेटिंगमध्ये आहे. त्यात सुमारे 7.7 अँगस्ट्रॉमचा लांब अक्ष 'सी' असतो. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत मात्र याच 62 क्रमांकाच्या स्पेस ग्रुपचे (स्फटिकाच्या सममितीच्या प्रकाराचे) प्रमाणित रूप पीएनएमए आहे आणि तिथे तोच अक्ष 'बी' ठरतो. बंधांची लांबी, कोन, आलेखातील शिखरांच्या जागा यांपैकी काहीही बदलत नाही, म्हणून घोटाळा चटकन लक्षात येत नाही. बदलतात ते शिखरांचे निर्देशांक, म्हणजे शिखर स्फटिकातील कोणत्या प्रतलांचे हे ए, बी, सी या अक्षांच्या क्रमाने सांगणारे तीन आकडे. 002 चे 020 झाल्यामुळे आमच्या एका विद्यार्थिनीचा तक्ता छापील लेखाशी जुळेना आणि ती दोन दिवस स्वतःचीच मोजमापे तपासत बसली. एल्फिन्स्टन रोडचे 2018 मध्ये प्रभादेवी झाले तेव्हाही स्टेशन जागचे हलले नव्हते, पण निदान फलक तरी बदलला होता. इथे तेवढीही सूचना नाही.

मोठ्या संग्रहात एकच रचना दोनदा नोंदली गेली आहे का, हे शोधायचे तर सर्व नोंदी एका साच्यात आणाव्याच लागतात, हे मान्य. परंतु अप्रमाणित सेटिंग नेहमी निष्काळजीपणातून येत नाही. 14 क्रमांकाच्या स्पेस ग्रुपमध्ये पी21/सी हे प्रमाणित रूप सोडून पी21/एन निवडतात ते बहुधा ए आणि सी अक्षांमधला बीटा कोन 90 अंशांच्या जवळ राहावा म्हणून, आणि ती निवड मोडली की तिच्यामागचा विचारही पुसला जातो.

वेस्टा या स्फटिकरचना दाखवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच प्रमाणीकरण मेनूतून मागावे लागते, तर स्पग्लिब ही सममिती शोधणारी प्रोग्रॅम-लायब्ररी रूपांतराचे मॅट्रिक्स आणि आरंभबिंदू किती सरकला हे दोन्ही हाती देते, त्यामुळे मूळ रचनेकडे परतता येते. आमच्या सॉफ्टवेअरने निर्यात केलेल्या फाइलीत यांचा मागमूसही नसतो. ही सवय बंद करण्याची सोय आहे, पण नवी आवृत्ती बसवली की ती पुन्हा सुरू होते. यंदा वर्गणी भरली आहे ती चित्रांपुरती. निर्देशांकांचे काम आम्ही वेस्टावर हलवले आहे.