गोव्याचा मराठी तालुका-नकाशा: किनारा चोख, आतला गोवा उणा

शाळा, पंचायत आणि वाचनालयांसाठी स्टेशनरीच्या दुकानांत मिळणारा हा लॅमिनेटेड नकाशा 70 × 100 सेंटीमीटरचा आहे, प्रमाण 1:1,25,000. म्हणजे जमिनीवरचा सव्वा किलोमीटर कागदावर एक सेंटीमीटर. गोवा उत्तर-दक्षिण साधारण 105 किलोमीटर लांब असल्याने राज्य 84 सेंटीमीटरांत बसतं आणि सूचीला जागा उरते. भिंतीसाठी हे प्रमाण योग्यच.

आवृत्ती ताजी आहे की नाही हे दुकानातच तपासता येतं. धारबांदोडा हा बारावा तालुका 2011 साली झाला. मोले आणि कुळे अजून सांग्यात रंगवलेले असतील तर नकाशा परत ठेवा. महामार्गावर 17 ऐवजी 66 आणि 4-ए ऐवजी 748 हवा. पेडण्यात मोपाचा विमानतळ हवा. या तिन्ही कसोट्यांना हा नकाशा उतरतो.

गोंधळ आहे तो नावांत. रोमन स्पेलिंगवरून उलटं मराठी केलेलं जागोजाग दिसतं: केप्याचं 'क्वेपेम', सांग्याचं 'सांगुएम', साखळीचं 'सॅन्क्वेलिम'. पोर्तुगीज लिहिण्यात शेवटचा 'एम' हा नाकातला उच्चार दाखवायला असतो, तो 'म' म्हणून वाचायचा नसतो. मराठी नकाशात ही चूक माफ करता येत नाही. वाळपईतलं पोर शाळेच्या भिंतीवर 'वाल्पोई' वाचून आपलं गाव शोधत बसेल.

दुसरी उणीव तालुक्याच्या ठिकाणांची. सत्तरी नावाचं शहर नाही, कचेऱ्या वाळपईत आहेत. काणकोणची बाजारपेठ चावडीला आहे. नकाशाने दोन्हीकडे ठळक ठिपका देऊन तालुक्याचंच नाव लिहिलंय. मामलेदार कचेरीत पहिल्यांदा जाणाऱ्याची यात फसगत होते.

कुडचडे-सावर्डे तर नीट बघाच. मध्ये जुवारी नदी, वर पूल. अलीकडे कुडचडे, तालुका केपे. पलीकडे सावर्डे, तालुका सांगे. रेल्वे स्टेशनच्या नावात सावर्डे आधी येतं, पण ते उभं आहे कुडचड्यात. या प्रमाणावर एक किलोमीटर जेमतेम 8 मिलिमीटरचा होतो, त्यामुळे दोन्ही नावं एकमेकांवर चढली आहेत आणि तालुक्याची सीमा अक्षरांखाली गडप झाली आहे. अशा जागेला मोठं करून दाखवणारी वेगळी चौकट लागते. चौकटी आहेत, पण पणजी, मडगाव, म्हापसा आणि वास्कोच्या. वास्कोची कमी करून ती जागा कुडचड्याला दिली असती तर जास्त उपयोग झाला असता, कारण केपे, सांगे आणि आसपासच्या खेड्यांचा बाजार तिथेच भरतो.

केरी नावाची तीन गावं आहेत: पेडण्यातलं समुद्रावरचं, सत्तरीतलं अंजुणे धरणाजवळचं आणि फोंड्यातलं. सूचीत मात्र एकच 'केरी' आणि एकच चौकोन क्रमांक, तोही पेडण्याचा. साखळीहून चोर्ला घाटाकडे निघालेल्याला हवं असतं सत्तरीचं. सूचीत गावापुढे तालुका छापणं एवढाच यावर उपाय, आणि त्याला जास्तीचा कागदही लागत नाही.

चांगलं तेही सांगायला हवं. तेरेखोल नदीच्या उत्तरेकडचा गोव्याचा तुकडा बहुतेक नकाशांत सुटतो, इथे किल्ल्यासकट आहे. चोडण आणि दिवाडी बेटांच्या फेरीबोटींना तुटक निळी रेघ दिली आहे, पुलाची खूण नाही. म्हादय आणि मांडवी ही एकाच नदीची दोन्ही नावं योग्य जागी आली आहेत.

चढउतार हवेत तर सर्व्हे ऑफ इंडियाची 1:50,000 ची पानं घ्या, त्यांत 20 मीटरच्या समोच्च रेषा असतात. जमिनीच्या हद्दीसाठी यातलं काहीच चालत नाही, तिथे सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद, लागतो.

घेतलाच तर लॅमिनेशनची कड बघा: कागदाबाहेर निदान 1 सेंटीमीटर प्लास्टिक हवं. कापून बरोबर केलेल्या कडेतून पावसाळ्यात ओल शिरते आणि काळे ठिपके कोपऱ्यातून आत सरकतात. वर-खाली पट्टी लावून, बाहेरची भिंत टाळून, मागे बोटभर फट ठेवून टांगा. चुकीची नावं दुरुस्त करायला वर कागदी चिकटपट्टी लावू नका, पावसात ती सुटते. पक्क्या शाईचं बारीक मार्कर पेन वापरा.