आजारपण, चार कर्जं आणि अपुरा पगार: आधी कोणतं फेडावं?

‘ज्याचं व्याज जास्त ते कर्ज आधी फेडा’ हा सल्ला कागदावर बरोबर आहे. पण ज्या घरात रोजची गोळी किंवा इन्सुलिन आहे तिथं आणखी एक गोष्ट तपासावी लागते: एक महिना मजुरी बुडाली तर कोणतं कर्ज थांबतं आणि कोणतं दारात येऊन उभं राहतं? खालची तुलना या दोन्ही अंगांनी केली आहे.

हिशेबाला सोलापूरच्या पूर्व भागातलं एक घर धरू. नवरा यंत्रमागावर, त्याला मधुमेह. बायको विड्या करते. दोघांचे मिळून महिन्याला १५,००० रुपये येतात, औषधाला १,४०० जातात. भाडं, रेशन, लाईट बिल आणि सगळे हप्ते भागवून हातात ८०० उरतात. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे त्या जागी घाला.

| कर्ज | बाकी | महिन्याला जातात | व्याज | हप्ता चुकला तर |
|---|---|---|---|---|
| सावकार | २०,००० | १,००० (नुसतं व्याज) | महिना शेकडा ५ | कोरा चेक त्याच्याकडे |
| मायक्रोफायनान्स | १८,००० | २,२५० (आठवड्याला ५२०) | वर्षाला २४ टक्के | गटातल्या बायकांवर भार |
| मोबाईलचा हप्ता | ४,४०० | १,१०० | बहुधा हप्त्यातच धरलेलं | चेक परतीचा दंड |
| पतसंस्था | ४०,००० | १,९०० | वर्षाला १४ टक्के | जामीनदाराच्या पगारावर |

सावकार: साठवून फेडायचं की सोनं ठेवून?

शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. पहिला नंबर याचाच, त्यात वाद नाही. अडचण अशी की बरेच सावकार मुद्दल तुकड्यातुकड्यानं घेतच नाहीत, ‘आणायचे तर सगळे आण’ म्हणतात. म्हणजे २०,००० आधी घरात साठवायचे. महिन्याला ८००, चार महिन्यांनी मोबाईल सुटला की १,९००, नवव्या महिन्यात मायक्रोफायनान्स संपलं की ४,१५०. अशानं अकराव्या महिन्यात रक्कम जमते. तोवर ११,००० रुपये व्याज गेलेलं असतं. आणि ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरातल्या डब्यात साठवलेले १२,००० अकरा महिने टिकतील, हे गृहीत धरणंच चुकीचं. एकदा सलाईन लावायची वेळ आली की डबा रिकामा.

दुसरा मार्ग बँकेचं सोनेतारण. वर्षाला १२ टक्के धरले तर २०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. सावकार पहिल्याच आठवड्यात मोकळा. त्याला जाणारे १,००० आणि उरणारे ८०० असे १,८०० दर महिन्याला सोन्याच्या कर्जात भरायचे, मोबाईल संपला की २,९००. नऊ महिन्यांत सोनं घरी येतं आणि एकूण व्याज होतं साधारण १,१००. अकरा हजार आणि अकराशे, एवढा हा फरक आहे. मूल्यांकनाचा खर्च वेगळा द्यावा लागतो, तो आधी विचारून घ्या.

सोनं किती लागेल? रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत (अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६) अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत मर्यादा आहे. वर्षअखेर एकदम फेडायचं कर्ज असेल तर ही मर्यादा व्याज धरून मोजतात. म्हणजे २०,००० साठी साधारण २६-२७ हजारांचं सोनं. मंगळसूत्र नेणार असाल तर काळे मणी, दोरा, वाटीतली लाख यांचं वजन वजा होतं, धरतात ते निव्वळ सोनं. घरी केलेला अंदाज इथंच फसतो. खडे असलेल्या कुड्यांपेक्षा साधी अंगठी नेलेली बरी.

आजाराच्या बाजूनंही सोनेतारण सोयीचं. वाईट महिन्यात नुसतं व्याज भरून गप्प बसता येतं. धोका एकच: मुदत विसरणं. एकदम फेडायच्या कर्जाची मुदत जास्तीत जास्त १२ महिने असते. मुदत संपायच्या महिनाभर आधी जाऊन व्याज भरून नूतनीकरण होईल का, ते विचारा. लिलावाची नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना ती मिळतच नाही. घर बदललं की त्याच आठवड्यात बँकेत पत्ता बदला.

सावकाराला पैसे देताना आधी कोरा चेक आणि सही केलेला बाँडपेपर हातात घ्या, मग नोटा मोजा. साक्षीदार बरोबर हवा. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ प्रमाणे परवाना असलेल्या सावकारालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारण असेल तर वर्षाला १५ आणि नसेल तर १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. वीस महिने हजार-हजार देऊन झाले असतील तर मुद्दलाइतकं व्याज गेलंच आहे. तेव्हा आणखी एक रुपया द्यायच्या आधी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तक्रारीला वेळ लागतो आणि तोंडी हिशेब सिद्ध करणं अवघड जातं, म्हणून जमेल तिथं व्याज फोन-पे सारख्या ऑनलाईन मार्गानं द्या. तीच तुमची पावती.

सोनं नसेल तर: भिशी की बचत गट?

दहा जणांची २,००० ची भिशी लवकर उचलली तर २०,००० बिनव्याजी मिळतात. लिलावाची भिशी असेल आणि ती ३,५०० सोडून उचललीत तर हातात १६,५०० येतात, हप्ते मात्र पुढंही भरावेच लागतात. आजारी घराला भिशीचा खरा त्रास पुढचे नऊ महिने. २,००० चुकवता येत नाहीत आणि तिथं ज्यांचे पैसे द्यायचे ते गल्लीतलेच लोक. बचत गटाचं अंतर्गत कर्ज महिना शेकडा १ किंवा २ नं मिळतं, थोडं महाग पडलं तरी गटाच्या बैठकीत मुदत वाढवून मागता येते. आमचा कल बचत गटाकडे.

लहान कर्ज आधी?

मोबाईलचे ४,४०० आधी फेडले तर चार महिन्यांचं काम तीन महिन्यांत होतं. समाधान मिळतं, पैसे फारसे वाचत नाहीत. खात्यात शिल्लक राहत नसेल आणि दर महिन्याला दंड बसत असेल तेव्हाच हा मार्ग घ्यावा.

मायक्रोफायनान्स आणि पतसंस्था

सावकार मिटल्यावर व्याजाच्या हिशेबानं नंबर मायक्रोफायनान्सचा. ते मुदतीआधी फेडलं तरी दंड लागत नाही, उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, आणि कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज देता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत. वसुलीला सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर येता येत नाही. ठरलेल्या जागी तुम्ही लागोपाठ दोनदा आला नाहीत तरच वसुलीला घरी यायचं. डायलिसिसचा वार आणि मीटिंगचा वार एकच असेल तर आधीच लेखी कळवा, कारण न कळवता गैरहजर राहिलेलं वसुलीवाल्याच्या वहीत चुकवलेलंच दिसतं.

सगळ्यात वाईट सौदा ‘टॉप-अप’चा. जुन्याचे १८,००० कापून ४०,००० चं नवं कर्ज. हातात बावीस येतात, हप्त्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून. कर्जासोबतच्या विम्यात बहुतेक वेळा मृत्यू येतो, आजारपण येत नाही. सही करताना ते वाचून घ्या.

पतसंस्थेचं व्याज इथं सगळ्यात कमी. म्हणून ते शेवटी, पण विसरून चालणार नाही. तिथं १०१ चा दाखला (सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुलीचा दाखला) निघाला की वसुली जामीनदारापर्यंत पोचते आणि जामीनदार बहुधा शेजारच्या लूमवरचाच असतो. जादा पैसे भरू नका, ठरलेला हप्ता मात्र कधी चुकवू नका.

औषध तोडून हप्ता भरायचा का?

नाही. इन्सुलिन दोन-तीन दिवस बंद पडलं तरी काहींना थेट दवाखान्यात भरती व्हावं लागतं, आणि तो खर्च मग सावकाराकडूनच येतो. जादा हप्ता भरायच्या आधी घरात एक महिन्याची औषधं आणि २,००० रोख हवेत. खर्च कमी करायचा तो औषध कुठून घेता तिथं.

मधुमेह, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, पण अर्धा दिवस जातो आणि कधी साठा संपलेला असतो. अर्ध्या दिवसाची मजुरी २५० आणि रिक्षा ६० धरली तर ३१० रुपये. जनऔषधी केंद्रात तीच औषधं ३०० च्या आत बसत असतील तर लूमवाल्याला जनऔषधीच परवडतं. विड्या करणारी बाई रांगेत गेली तरी संध्याकाळी राहिलेल्या विड्यांची भर काढू शकते, म्हणून तिनं सरकारी केंद्र धरावं. ओळखपत्र असलेल्या विडी कामगारांना कामगार कल्याणच्या दवाखान्यात उपचार मिळतात, तेही पाहावं. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. थायरॉईड आणि फिटच्या गोळ्यांची कंपनी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बदलू नका.

इन्सुलिनसाठी फ्रिजचा हप्ता काढू नका. एकात एक दोन मडकी, मधल्या फटीत ओली वाळू, आतल्या मडक्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वरून ओलं फडकं. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, म्हणून हे चांगलं थंड राहतं. पावसाळ्यात दमट हवेनं गुण कमी येतो. एका वेळी एकच बाटली आणा. बाटलीत गुठळ्या दिसल्या तर फेकून द्या.

भरती व्हायची वेळ आली तर डिपॉझिटसाठी कुणाकडे हात पसरायच्या आधी रुग्णालयातला आरोग्यमित्र (सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस) गाठा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, डायलिसिस त्यात बसतं. चौकशीचा नंबर १५५३८८. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. कारखाना ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) असेल तर आजारी रजेत ७० टक्के मजुरी वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते आणि यादीतल्या दीर्घ आजारांना ८० टक्के दोन वर्षांपर्यंत. पगारातून ०.७५ टक्के कापतात का, ते पावतीवर बघा.

मुदतवाढ की सेटलमेंट?

पहिला हप्ता चुकायच्या आधी, दवाखान्याचे कागद जोडून, मुदतवाढीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. ९० दिवस उलटल्यावर खातं थकीत धरलं जातं, मग अर्जाचं वजन राहत नाही. सेटलमेंटमध्ये रक्कम कमी होते, पण सिबिलवर (कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीत) ‘सेटल्ड’ शेरा लागतो आणि पुढं बँकेचं दार बंद होऊन पुन्हा सावकारच उरतो. म्हणून ती शेवटची. केलीच तर पत्र आधी, पैसे नंतर, आणि ते एजंटच्या खात्यावर कधीच नाही. बँक किंवा फायनान्स कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, फोन १४४४८. पतसंस्था त्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी सहकार खातं.

आणि अनुदानाचं खातं वेगळं ठेवा. संजय गांधी निराधारचे १,५०० ज्या खात्यात येतात त्याच खात्याला हप्त्याची कपात जोडलेली असेल तर पैसे औषधापर्यंत पोचतच नाहीत. कर्ज नसलेल्या बँकेत खातं काढून आधार त्याला जोडा. अनुदान शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातं, म्हणून नंतर दुसरीकडे कुठं ‘आधार लिंक करून देऊ का’ विचारलं तर नको म्हणा.