नऊ महिन्यांचा नेतृत्व अभ्यासक्रम आणि त्यानंतरची ग्रामपंचायत

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पंचायतीतल्या बायकांसाठीचा हा अभ्यासक्रम करण्यासारखा आहे, पण एकटीनं करू नका. गावातून दोघी-तिघी मिळून जाता येत असेल तर खुशाल जा. एकटीच जाणार असाल तर पदरात काय पडतं आणि काय नाही, ते खाली लिहिलंय.

मी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका लहान गावची ग्रामपंचायत सदस्य. पंचायत नऊ जणांची, मी महिला राखीव जागेवरून पहिल्यांदाच निवडून आलेली. संस्था पुण्याची. नाव मुद्दाम देत नाही, कारण असे वर्ग चालवणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत आणि साचा बहुतेकींचा एकच: महिन्यातून एक शनिवार-रविवार निवासी वर्ग, मधल्या दिवसांत गावात करायचा ‘प्रकल्प’, एक अभ्यासदौरा, शेवटी प्रमाणपत्र. शुल्क नाममात्र, राहणं-जेवण त्यांच्याकडे, एसटीचं भाडं आपलं. अभ्यासक्रम संपून वर्ष होत आलं, म्हणून आता लिहिते. संपल्या संपल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. शेवटच्या दिवशी सगळ्याच जणी भारावलेल्या होत्या.

सुरुवातीचे वर्ग वाया गेले म्हटलं तरी चालेल. तुम्ही कोणता प्राणी आहात ते सांगा, डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदारावर विश्वास ठेवा, आरशासमोर उभं राहून स्वतःशी बोला. पहाटे उठून गुरांचं आवरून, दोन एसट्या बदलून आलेल्या बाईला हे कशासाठी, ते मला आजतागायत समजलेलं नाही. भाषणकलेचा वर्गही तसाच. गावात प्रश्न भाषणाचा नसतोच. भांडायला उभ्या राहिल्या तर आमच्याकडच्या बायका माईकशिवाय चार गल्ल्यांना ऐकू जातील. सभेत मात्र गप्प बसतात, कारण समोरच्या कागदात काय लिहिलंय ते त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळला गेला, त्याचे पूर्ण गुण देते. नवऱ्यांना वर्गात प्रवेश नाही. बऱ्याच जणींबरोबर ‘सरपंच पती’ आले होते, एक-दोघांनी तर वहीपेनसुद्धा आणलं होतं. त्यांना चहा दिला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. पुढच्या महिन्यापासून ते यायचेच बंद झाले.

खरा अभ्यासक्रम सुरू झाला तो एका निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांच्या वर्गापासून. त्यांनी प्रोजेक्टर लावलाच नाही. ग्रामपंचायतीच्या नमुन्यांच्या झेरॉक्स आणल्या, त्यातली नावं खोडलेली, आणि एकेक कागद हातात देऊन वाचायला लावला. नमुना 5 म्हणजे रोकड वही, नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नमुना 9 मागणीची. आठचा उतारा आपण सगळेच घराच्या कामासाठी काढतो, पण त्याच्या मागे अख्खी नोंदवही असते आणि सदस्याला ती पाहता येते, हे तिथं बसलेल्या निम्म्या जणींना नवीन होतं. मग प्रोसिडिंग. सभेच्या इतिवृत्तात मध्येच ओळी कोऱ्या सोडलेल्या असतात, शिपाई वही घेऊन घरी येतो, ‘ताई, एवढी सही करा’ म्हणतो. सर म्हणाले, सही करायच्या आधी शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारा, म्हणजे खाली नंतर काही घुसडता येत नाही. एवढंच. या एका रेघेवरून आमच्या गटातल्या किती जणींच्या गावात धुसफूस झाली, ते पुढं व्हॉट्सअॅपवर कळत गेलं.

तहकूब सभेचं गणितही त्यांनीच उलगडलं. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तो. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट उरत नाही. म्हणजे पहिली सभा कुणाला न कळता पाडायची आणि दुसरीत मोजक्या टाळक्यांनी हवं ते मंजूर करायचं, असा सगळा कायदेशीर मामला. यावर कोर्टकचेरी करून उपयोग नाही, पहिल्याच सभेला माणसं आणणं हाच उपाय. मी गावात आल्यावर हेच केलं. उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटांतल्या बायकांना आधी महिला सभेला बसवलं (ग्रामसभेच्या आधी ती घ्यायचीच असते, कागदावर ती होतही असते) आणि तिथून तशाच उठवून ग्रामसभेला नेलं. ती सभा तहकूब झाली नाही.

पैशांचं सत्र असंच कामाचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-22 ते 2025-26) निधीतला 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नव्हते. स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे. ऐकायला भारी वाटतं. आमची घरपट्टीची वसुलीच अशी की हे दहा टक्के म्हणजे अंगणवाडीच्या दाराची दुरुस्ती आणि वर थोडी खेळणी. यंदा ते तिथंच गेले, आधी कुठं जात होते ते विचारू नका. आणखी एक गोष्ट फोनवर शिकवली: ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या गावाचा आराखडा आणि त्यातून झालेली देयकं दिसतात. त्यासाठी सदस्य असावं लागत नाही. हे वाचणाऱ्या कुणीही आज रात्री आपलं गाव उघडून बघावं.

अभ्यासदौरा हिवरे बाजारला. गाव बघण्यासारखं आहेच, त्यात वाद नाही. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले, तेव्हाच्या आणि आताच्या शिवारातला फरक डोळ्यांना दिसतो. पण आदर्श गाव दाखवून आणण्याचा एक तोटा आहे आणि तो आयोजकांच्या लक्षात येत नाही. परतीच्या गाडीत सगळ्यांचं एकच पालुपद, ‘त्यांच्याकडे पोपटराव होते, आपल्याकडे कोण आहे?’ दौऱ्यात माणूस दाखवला जातो, पद्धत दाखवायची राहते. मला तिथं आवडला तो पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते मोजायचं, पिण्याचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. आमच्यासारख्या दुष्काळी पट्ट्यात यावर अख्खा दिवस द्यायला हवा होता, तो अर्ध्या तासात उरकला आणि फोटोंना मात्र भरपूर वेळ मिळाला.

आता मुख्य तक्रार. हे सगळं एकटीला शिकवून एकटीला परत पाठवतात. गावात पाय ठेवला तेव्हा मी ‘पुण्याहून शिकून आलेल्या मॅडम’ झाले होते. मासिक सभेत मी रोकड वही मागितली की बाकीचे आठ जण एकमेकांकडे बघून हसायचे. त्यातल्या चार बायकाच, बरं का. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या कागदाबद्दल त्यांना कुणी कधी सांगितलं नाही, तो मी मागतेय म्हणजे काहीतरी राजकारण असणार, हे त्यांच्या जागी मलाही वाटलं असतं. नऊ जणांत माझं मत एक. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपले ग्रामसेवक, पदाचं नाव आता बदललंय) तर वाटलं की मला त्यांच्याविरुद्धच तयार करून पाठवलंय.

आणि हे संस्थांना माहीत नसेल असं नाही. आमच्याच माणमध्ये वॉटर कपच्या (गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या) वर्षांत, म्हणजे 2016 ते 2019 च्या दरम्यान, पाणी फाउंडेशननं प्रशिक्षणाला गावातून माणसांचा गट बोलावला होता, बायकांसकट. ती माणसं परत आली तेव्हा एकमेकांना साक्ष होती. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपल्या जंगलावरचा अख्ख्या गावाचा हक्क, मिळवला, त्याच्या मागे कित्येक वर्षांचे अभ्यासगट होते, आणि निर्णय घ्यायचा तो सर्वसहमतीनं. आमच्या वर्गात मेंढा-लेखाची चित्रफीत दाखवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या तासाला ‘तुमच्यातला नेता ओळखा’ सुरू झालं. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मी हे सविस्तर लिहिलं होतं. नव्या तुकडीचा अर्ज परवा बघितला, अजून एकाच नावाचा आहे.

मग उपाय म्हणून मी माझ्यापुरतं एवढं केलं: झेरॉक्स घरी मांडल्या आणि शेजारच्या वॉर्डातल्या दोघी सदस्यांना चहाला बोलवत गेले. वहीची भीती गेली तशी त्यातली एक आता माझ्याआधी प्रश्न विचारते. दुसरी अजून सासऱ्यांना विचारून सही करते.

व्हॉट्सअॅप गट दोन आहेत. संस्थेचा अधिकृत गट वाढदिवसांच्या शुभेच्छांनी भरलाय. आम्ही काही जणींनी वेगळा काढला, तिथं ठरावांचे फोटो येतात, जीआर येतात, कुणाची सभा असली की आदल्या रात्री विचारणा होते. निवृत्त सर अजून आवाजी निरोपानं उत्तरं देतात. अभ्यासक्रमातलं काय टिकलं असं कुणी विचारलं तर मी हा दुसरा गट दाखवीन.

झेडपीच्या तिकिटावर डोळा ठेवून येणाऱ्याही भेटतील. आमच्यातल्या एकीनं प्रमाणपत्राचा फोटो थेट प्रचाराच्या पत्रकावर छापला. त्यांना या अभ्यासक्रमातून तेवढंच मिळेल, आणि बहुधा तेवढंच हवंही असतं.

अर्ज भरणार असाल तर पहिल्यांदा निवडून आल्यावर सहा-आठ महिन्यांत भरा. दोन-चार मासिक सभा बघितल्याशिवाय नमुन्यांचा वर्ग कळत नाही, आणि मुदतीच्या शेवटच्या वर्षात केलात तर वापरायला वेळ उरत नाही. अर्जात एकच नाव मागितलं असलं तरी फोन करून ‘आम्ही एका गावच्या दोघी आहोत, दोघींना घ्या’ असं विचारा. लहान मूल असेल तर सांभाळायची सोय आहे का, तेही आधीच विचारून घ्या. आमच्या वेळी ती नव्हती आणि दोघी जणी त्याच कारणानं मध्येच सोडून गेल्या.