माझाच व्हिडिओ बघून तो फसला

मागच्या महिन्यात साताऱ्याहून एका मुलाचा मेसेज आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "ताई, त्या गिटार वर्कशॉपच्या व्हिडिओत तुम्हीच आहात ना? तुमचं ऐकून मी नऊ हजार आठशे भरले. तारीख दोनदा पुढे ढकलली, आता फोनच उचलत नाहीत. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मी तो व्हिडिओ शोधून पाहिला. निळा कुर्ता, मांडीवर माझी जुनी गिटार, आणि मी हसत सांगतेय, "वीस-पंचवीस वर्षं त्याच चार कॉर्ड वाजवत होते, आज पहिल्यांदा कळलं उजवा हात कसा चालतो ते." शब्द माझेच आहेत, आणि त्या दिवशी ते खरेही होते. पण तो व्हिडिओ पहिल्या रविवारचा आहे. पुढच्या रविवारी काय झालं ते त्यात नाही, आणि ते मी कुणाला सांगितलंही नाही. आज सगळं लिहितेय.

मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. १९९८ साली पहिल्या पगारातून स्टीलच्या तारांची गिटार घेतली होती. सी, जी, ए मायनर आणि रडतखडत एफ, एवढ्यावर सोसायटीच्या गणपतीतली गाणी निभावून नेली. पण गिटारीचं जग त्याहून कितीतरी मोठं आहे हे लहानपणापासून कानावर होतं. वडील रेडिओवर ब्रिजभूषण काब्रा लागले की घरात कुणाला बोलू देत नसत. गिटार आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून त्यांनी रागसंगीत वाजवलं. पुढे विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला, म्हणजे तशाच कांडीने वाजवायच्या त्यांच्या गिटारीला, १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेव्हा वडिलांनी पेढे आणले होते. एकदा तरी ही कांडीची गिटार, म्हणजे स्लाइड, शिकायची हे तेव्हापासून मनात होतं.

म्हणून "चार रविवार, चार शैली" ही जाहिरात मोबाइलवर दिसली तेव्हा मी थांबले. अमेरिकी ब्लूज, तारा बोटांनी छेडायची फिंगरस्टाइल, स्पेनचं फ्लामेंको आणि शेवटच्या रविवारी स्लाइड. दर वेळी तीन तास, एका बॅचला आठच जण. फी ९,८००. खाली लाल अक्षरांत "फक्त ३ जागा शिल्लक". ते तीन आजही तीनच आहेत, मी कालच पाहिलं. क्रेडिट कार्डाने पैसे भरून टाकले.

पहिला रविवार खरोखर सुंदर गेला, आणि सगळ्या प्रकरणाची मेख तिथेच आहे. सर तिशीचे, शांत. आम्ही बरोबर आठ जण. त्यांनी सुरुवातीला गिटारला हातच लावू दिला नाही. एका मात्रेचे तीन तुकडे करा, मधला गाळा आणि टाळी द्या, म्हणाले. वीस मिनिटं आम्ही तेवढंच केलं. मग तोच झोका हातात आला. बारा बारचा साचा (बार म्हणजे चार मात्रांचा एक खण) फळ्यावर लिहिला: ए कॉर्ड चार बार, डी दोन, पुन्हा ए दोन, मग ई, डी, ए आणि शेवटी परत ई. तिसरा तास संपताना आठही जण एकत्र वाजवत होतो आणि सर वर एकटे सूर खेचत होते. माझ्या अंगावर काटा आला.

त्याच अवस्थेत आम्हाला एकेकाला कॅमेऱ्यापुढे उभं केलं. "ताई, आज काय वाटलं, मनापासून सांगा." मी मनापासून सांगितलं. मग आयोजकाने चहा दिला आणि दोन गोष्टी पुढे ठेवल्या. एक, चार रविवारांनंतरचा दुसरा टप्पा, सर्टिफिकेटसह, पंधरा हजार, आजच भरले तरच. दोन, फ्लामेंकोसाठी वेगळी गिटार. स्टीलच्या तारांवर फ्लामेंको होत नाही हे त्याचं म्हणणं बरोबर होतं, तिथे नायलॉनच्या तारा लागतात. पण पुढे तो म्हणाला, साधी नायलॉनची चालणार नाही, सायप्रसच्या लाकडाची स्पॅनिशच हवी. "आमच्याकडे ग्रानादाहून मागवलेल्या चार आहेत. बाजारात साठच्या खाली मिळणार नाही, वर्कशॉपवाल्यांना बत्तीस."

मी दोन्ही घेतलं. सत्तेचाळीस हजार, यूपीआयने. पैसे संस्थेच्या नावावर गेले नाहीत, कुणा एका व्यक्तीच्या नावावर गेले. ते नाव स्क्रीनवर मी वाचलंसुद्धा. रोज काउंटरवर लोकांना "नाव नीट बघा आणि मगच पाठवा" असं सांगणारी मी, त्या दिवशी कानात बारा बार घुमत असताना पुढे गेले. त्या सरांच्या चांगुलपणावर मी पैसे भरले. ते सर त्या एकाच दिवसाच्या बोलीवर आले होते हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचेही ठरलेले पैसे बुडाले होते.

दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये एकवीस जण होते आणि सर नव्हते. एका कॉलेजच्या मुलाने टीव्हीवर फिंगरस्टाइलचे व्हिडिओ लावले. त्यात अमेरिकेतल्या केंटकीचा गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आहे, अंगठा जाड्या तारांवर आलटून पालटून ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर चाल वाजवतात. ही गोष्ट बघून येत नाही. अंगठा आणि बोटं वेगळी व्हायला कुणीतरी शेजारी बसून हात धरावा लागतो. मागे बसलेल्या काकांना तर टीव्हीही दिसत नव्हता. ग्रुपवर विचारायला गेले तर तिथे फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येत होतं.

तिसऱ्या रविवारी "स्पेनमधल्या सेव्हियात शिकून आलेले" फ्लामेंकोचे गुरू. माझ्या हातात नवी गिटार, मी पहिल्या रांगेत. त्यांनी बोटं फटाफट उलगडून तारांवर मारायचा रास्गेआदो दाखवला, दिसायला जोरदार. पण तो साध्या चार मात्रांवर. मी आदल्या आठवड्यात थोडं वाचून गेले होते. फ्लामेंकोचा जीव कोम्पासमध्ये, म्हणजे तालाच्या आवर्तनात आहे. सोलेआ या त्यातल्या एका प्रकाराचं बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि वजन पडतं तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. आपल्याला बारा मात्रा म्हटलं की एकताल आठवतो, समेला पहिल्या मात्रेवर हात पडतो. इथे वजन सरकत सरकत शेवटाला येतं, म्हणून आपल्या कानाला ते आधी अडखळल्यासारखं वाटतं आणि टाळ्यांनीच अंगात मुरवावं लागतं. मी विचारलं, "सर, बाराचं आवर्तन टाळीवर कराल का?" ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "ते अ‍ॅडव्हान्स आहे, दुसऱ्या टप्प्यात." फ्लामेंकोत ती बाराखडी आहे. पहिल्या सरांनी ब्लूज टाळीपासून सुरू केला होता, त्यामुळे मला तो फरक तिथेच बोचला. तरी मी उठून गेले नाही. पैसे भरून झाले होते.

चौथा रविवार झालाच नाही. आधी सरांना ताप, मग हॉल मिळेना, मग "सणांनंतर बघू". ज्या स्लाइडसाठी मी आले होते ती राहिली ती राहिलीच.

गिटारीचं तर वेगळंच. महिन्याभरात तिचा पूल, म्हणजे तारा खाली बांधतात ती पट्टी, एका बाजूने उचलला गेला. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एक काका वाद्यं दुरुस्त करतात, उमेदवारीत मिरजेला तंबोरे केलेले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, वाजवली नाही. बॅटरीचा उजेड गोल भोकाच्या कडेवर तिरका धरला आणि मला म्हणाले, "ताई, इथं बघा." वर लाकडाच्या सरळ बारीक रेघा दिसत होत्या. सलग फळीची असती तर त्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या असत्या. तिथे मात्र एकावर एक तीन थर दिसत होते, मधला काळपट. प्लायवूड. पाठीचा फिकट पिवळा रंग सायप्रसचा नव्हता, पॉलिशचा होता, नखाने खरवडल्यावर खाली पांढरट लाकूड निघालं. बोटांनी ठोके मारण्यासाठी लावतात ती पारदर्शक पट्टी साध्या स्टिकरसारखी चिकटवलेली, कोपऱ्यात हवेचे बुडबुडे. आणि आत "ग्रानादा" छापलेलं लेबल एका टोकाला सुटलं होतं. काकांनी चिमट्याने ते अलगद उचललं. खाली दुसरं लेबल होतं, एका भारतीय कारखान्याचं, मॉडेल नंबरासकट. ती गिटार दुकानात साडेसहा हजाराला मिळते. काका म्हणाले, "गिटार वाईट नाही हो, शिकायला चालेल. किंमत खोटी आहे." फ्लामेंकोची सुरुवात आठ-दहा हजारांच्या कुठल्याही साध्या नायलॉनच्या गिटारवर होते, हेही त्यांनीच सांगितलं. हे मला आधी कुणाला तरी विचारता आलं असतं.

त्या रात्री घरी पावती काढून पाहिली. अठरा टक्के जीएसटी लावलेला आणि वर जीएसटी क्रमांक छापलेला. मोजला तर चौदा अक्षरं. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो आणि पुढे दहा अक्षरी पॅन येतो. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही कुणालाही तो तपासता येतो. दोन मिनिटांचं काम. ते मी पैसे दिल्यावर साडेतीन महिन्यांनी केलं.

उशिराची किंमतही मोजली. कार्डावरच्या ९,८०० रुपयांसाठी बँकेकडे वाद मांडायला गेले तोवर मुदत उलटून गेली होती. सणांनंतर वर्ग होईल या आशेवर मी ती घालवली. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस पाठवली. "एकदा भरलेली फी परत मिळणार नाही" असं पावतीच्या पाठीवर छापलं होतं आणि मला वाटत होतं की इथेच विषय संपला. तसं नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. नोटीस गेल्यावर आयोजकाचा फोन आला, आवाज एकदम मऊ. "ताई, दुसऱ्या टप्प्याचे पंधरा हजार देऊन टाकतो. फक्त ग्रुपवर, फेसबुकवर काही टाकू नका. मुलांचं नुकसान होईल."

मी हो म्हटलं. दोन हप्त्यांत पंधरा हजार आले. माझेच पैसे मला देऊन त्याने माझं तोंड बंद केलं. व्हिडिओ काढून टाकायला सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तो तिथेच राहिला, त्यावर जाहिरात चालू राहिली आणि साताऱ्याच्या त्या मुलाने ती पाहिली. त्याच्या घरी गिटार घ्यायलाच सहा महिने लागले होते, असं तो म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्याचा तर वर्ग एकदाही झालेला नाही, म्हणून त्याला लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावला आणि तक्रार नोंदवून घेतली. तिथे जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त, उशीर झाला असला तरी नोंद करायचीच. माझ्या व्हिडिओबाबत मी आयोजकाला लेखी कळवलं आहे की माझी परवानगी मागे घेतली. गिटारीच्या बत्तीस हजारांची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.

या सगळ्यानंतर त्या पहिल्या सरांना शोधून काढलं. ते आता आपल्या घरीच, सहा जणांना, एका रविवारी एकच गोष्ट शिकवतात. तीन तासांत फक्त तो झोका, नाहीतर फक्त अंगठ्याचा ठेका. पैसे त्या दिवशी, त्या दिवसापुरते. शिकवायला कोण असणार ते आधी सांगतात आणि कुणाला गिटार घ्यायची असेल तर दुकानात जा म्हणतात, स्वतः विकत नाहीत. कुठेही नाव घालण्याआधी मी आता एवढंच विचारते: चारही दिवस तुम्हीच शिकवणार का, आणि एकाच दिवसाचे पैसे घ्याल का? त्या आयोजकाला मी हे विचारलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं ते मला आज माहीत आहे.

आयोगात आयोजकाचं म्हणणं दाखल झालंय. वरचं लेबल मीच नंतर चिकटवलं असं त्याने लिहून दिलंय. काकांकडे ते उचललं तेव्हा आम्ही दोघंच होतो, फोटोही नंतर काढले. आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, तसा अर्ज केला आहे. तोवर गिटार तारा सैल करून पेटीत ठेवली आहे, तिला कुणी हात लावत नाही. त्या दिवशी बाकीच्या तीन गिटारीही विकल्या गेल्या होत्या. त्यातली एखादी तुमच्याकडे असेल तर आतलं लेबल सोलू नका. आधी दोन माणसं समोर बसवा, मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा, पावती शेजारी ठेवा, आणि मगच बॅटरी धरा. आणि मला कळवा.